तुम्ही विचारलंत म्हणून : जपानचे पंतप्रधान टिकत का नाहीत?

"काय रे, तुमचा परत गेला म्हणे!"

सांगलीहून मामाचा फोन आला आणि सुरुवातच अशी झाली, की समजायचं, तोक्योत राजीनामा पडलाय. 'तुमचा' म्हणजे जपानचा पंतप्रधान. मी इथला नागरिक नाही, मला मत नाही. पण एकोणीस वर्षं इथं काढल्यावर मामानं इथले सगळे पंतप्रधान माझ्या खात्यावर टाकलेत. मामाचं एक सोडा. गावी लग्नाला गेलो की पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही "मठ्ठा इकडे" असं वाढप्याला सांगता सांगता हेच विचारतो : गाडी मिनिटभर उशिरा आली तर माफी मागणारी माणसं, मग पंतप्रधान वर्षभर टिकत नाही, हे कसं काय?

मी आलो ऑक्टोबर २००६ मध्ये. शिंझो आबे नुकतेच पंतप्रधान झाले होते. निशी-कसाईतल्या माझ्या पहिल्या घराचा भाडेकरार दोन वर्षांचा होता. तो वाढवायला गेलो तोवर आबे गेले होते, त्यांच्यामागचे यासुओ फुकुदाही गेले होते आणि तारो आसोंना जेमतेम काही दिवस झाले होते. मग हातोयामा, कान, नोदा. सहा वर्षांत सहा.

मामाला मी हे अंतुल्यांवरून समजावलं.

"मामा, ऐंशी ते अठ्ठ्याऐंशीमध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री कोण कोण झाले?"

मामा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला, त्याला हे तोंडपाठ. "अंतुले, बाबासाहेब भोसले, मग आपले वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव, पवार."

"सहा झाले. आणि पक्ष?"

"काँग्रेसच की!" मग जरा थांबून, "असं होय!"

असंच आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे नावाची चिठ्ठी दिल्लीहून यायची. इथं वर कोणी दिल्ली नाही. चिठ्ठी पक्षातल्या पक्षात, नागाताचो नावाच्या तोक्योतल्या राजकीय पेठेत लिहिली जाते. पक्षाचं नाव लिबरल डेमोक्रॅटिक, इथले लोक 'जिमिन्तो' म्हणतात. नोव्हेंबर १९५५ मध्ये, समाजवादी एकत्र आलेत म्हटल्यावर धास्तावलेल्या दोन पक्षांनी एकत्र येऊन तो काढला. तेव्हापासून तो सत्तेबाहेर गेला दोनदाच : १९९३-९४ मध्ये वर्षसुद्धा नाही, आणि २००९ ते २०१२. बाकी सगळा काळ सरकारात तोच, एकटा किंवा कुणाला तरी सोबत घेऊन.

आता हा पक्ष टिकतो कसा, तर पंतप्रधान बळी देऊन. मी हे उपहासानं म्हणत नाही, रचनाच तशी आहे. वरिष्ठ सभागृहाची निम्म्या जागांची निवडणूक दर तीन वर्षांनी. कनिष्ठ सभागृहाची मुदत चार वर्षांची, पण युद्धानंतर ती पूर्ण भरली एकदाच, १९७६ मध्ये. एरवी पंतप्रधान मनाला येईल तेव्हा सभागृह विसर्जित करतात. शिवाय पक्षाध्यक्षाची निवडणूक वेगळी, आणि सत्तेतल्या पक्षाचा अध्यक्ष तोच सहसा पंतप्रधान. थोडक्यात, वर्ष-दीड वर्षानं कुठली तरी परीक्षा असतेच. 'सेंक्यो नो काओ' असा शब्द इथं सर्रास वापरतात : निवडणुकीचा चेहरा. या चेहऱ्यानं आपली जागा जाणार असं खासदारांना वाटलं की चेहरा बदलतो. मतदाराचा राग नव्या माणसाच्या कौतुकात विरून जातो आणि पक्षाला सत्ता सोडावी लागत नाही. सत्तांतर होतं, पण घरातल्या घरात.

हे २०२४ मध्ये जवळून पाहायला मिळालं. पक्षात गट असतात. ते निधी जमवायला पार्ट्या देत, एका तिकिटाचे साधारण वीस हजार येन. खासदारांना तिकिटं खपवायचा कोटा. कोट्यावर खपवलेल्याचे पैसे त्यांनाच परत, आणि हे हिशेबात कुठंच नाही. सगळ्यात जास्त गाजला तो आबेंचा गट. प्रकरण बाहेर आलं, गट विसर्जित झाल्याच्या घोषणा झाल्या, तरी लोक शांत होईनात. मग ऑगस्टमध्ये पंतप्रधान फुमिओ किशिदांनी आपण अध्यक्षपदाला उभे राहणार नसल्याचं सांगितलं. सप्टेंबरमध्ये नऊ उमेदवार उभे राहिले आणि शेवटच्या फेरीत शिगेरू इशिबांनी सानाए ताकाइचींना २१५ विरुद्ध १९४ असं हरवलं. इशिबांनी लगेच सभागृह विसर्जित केलं, नवा चेहरा ताजा आहे तोवर. पण या वेळी मात्रा चालली नाही. जिमिन्तो आणि त्याचा मित्रपक्ष कोमेइतो मिळून २१५ वर अडकले. बहुमताला हवे होते २३३.

मामाचा पुढचा प्रश्न रास्त होता. "मग लोक दुसऱ्याला का देत नाहीत?"

दिलं होतं की, २००९ मध्ये. विरोधी पक्षाचे युकिओ हातोयामा आले तेव्हा ऑफिसातले माझे सहकारी, जे एरवी राजकारणावर चकार शब्द काढत नाहीत, तेही जेवणाच्या सुट्टीत बोलत होते. हातोयामांनी ओकिनावातला फुतेन्मा हा अमेरिकी तळ निदान त्या प्रांताबाहेर नेऊ असं सांगितलं होतं. ओकिनावाची जमीन जपानच्या ०.६ टक्के, आणि केवळ अमेरिकी फौजेच्या वापरातल्या तळांची सुमारे सत्तर टक्के जमीन तिथं. अमेरिका हलली नाही, तळाला दुसरीकडे जागा मिळाली नाही, अधिकाऱ्यांनी हात वर केले. नऊ महिन्यांच्या आत हातोयामांचा राजीनामा. पुढं भूकंप, त्सुनामी, फुकुशिमा. २०१२ च्या डिसेंबरात लोकांनी मुकाट्यानं जिमिन्तोला परत बोलावलं, आबे आले आणि त्यांनी दोन्ही खेपा मिळून ३,१८८ दिवसांचा विक्रम केला. माझ्या मते जपानी मतदाराच्या मनातला बदलाचा उत्साह त्या तीन वर्षांत जो मोडला, तो मोडलाच. २०२४ मध्ये राग होता, तरी मतदान ५३.८५ टक्के. उरलेले घरी.

त्यात निवडणुकीची पद्धत ओळखीच्या नावाला धार्जिणी. इथं बटण नाही, शिक्का नाही. कागदावर पेन्सिलीनं उमेदवाराचं नाव स्वतः लिहायचं. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी हे मला हातवारे करून दाखवलं होतं. "घडी घालून पेटीत टाकला की कागद आत आपोआप उलगडतो," असंही त्या म्हणाल्या, आणि ते खरं आहे. मोजणी लवकर व्हावी म्हणून तसला खास कागद वापरतात. दोन सातो उभे असले आणि कुणी नुसतंच 'सातो' लिहिलं, तर ते मत दोघांच्या बाकीच्या मतांच्या प्रमाणात वाटून देतात. त्यामुळे निकालात कधी कधी मतं दशांश चिन्हासकट येतात! घरोघरी प्रचाराला बंदी, चालत्या गाडीतून भाषणाला बंदी, पण नाव घोकायला परवानगी. म्हणून पांढरे हातमोजे घातलेल्या बायका सकाळी आठपासून कर्ण्यावरून तेच ते नाव म्हणत फिरतात. २०१९ मध्ये आमच्या एदोगावा वॉर्डात आपले योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेही 'योगी' या सुटसुटीत नावानं प्रचार करून.

जपानी पुढारी म्हणतात, निवडणुकीला तीन 'बान' लागतात : जिबान म्हणजे मतदारसंघातली मांड, कानबान म्हणजे पाटी, नावलौकिक, आणि काबान म्हणजे पैशांची बॅग. तिन्ही वारशानं मिळतात. आबेंचे आजोबा नोबुसुके किशी पंतप्रधान होते, आसोंचे आजोबा शिगेरू योशिदाही. साखर कारखान्यांच्या प्रदेशात वाढलेल्या मामाला हे उलगडून सांगावं लागलं नाही.

"बरं, पण मग आपल्याशी बोलतं कोण? करार कुणाशी करायचा?"

करार खुर्चीशी करायचा, माणसाशी नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं डिसेंबर २०१५ मध्ये ठरलं तेव्हा आबे होते. कर्ज पन्नास वर्षांचं, व्याज ०.१ टक्का. त्यानंतर सुगा, किशिदा, इशिबा, ताकाइची. कर्ज जागच्या जागी आहे, कारण ते राबवणारं खातं जागच्या जागी आहे. २०२५ च्या ऑगस्टअखेर मोदी इथं आले, इशिबांबरोबर शिंकान्सेननं सेंदाईला गेले, दहा वर्षांत दहा लाख कोटी येनच्या खासगी गुंतवणुकीचं उद्दिष्ट ठरलं. आठवडाभरानं, ७ सप्टेंबरला, इशिबांनी राजीनामा जाहीर केला. मामाचा फोन त्याच संध्याकाळी. "अरे, परवा तर गाडीत बसले होते दोघं!"

इशिबांना खरं बुडवलं तांदळानं. पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली, वर्षभरात जवळपास दुप्पट. तशात मे महिन्यात शेतीमंत्री भाषणात बोलून गेले, की मी तांदूळ कधी विकत घेतलेच नाहीत, समर्थक इतके आणून देतात की विकता येतील. तीन दिवसांत मंत्रिपद गेलं. आमच्या दुकानात 'एका कुटुंबाला एकच पिशवी' अशी चिठ्ठी लागली होती. आजीबाईंनी त्या चिठ्ठीकडे बघून जे तोंड केलं, ते कुठल्याही जनमत चाचणीत मावलं नसतं. जुलैमध्ये वरिष्ठ सभागृहातलं बहुमतही गेलं, आणि 'आधी जपानी माणूस' म्हणणाऱ्या सान्सेइतोला १४ जागा मिळाल्या. ऑक्टोबरात सव्वीस वर्षांचा जोडीदार कोमेइतो सोडून गेला. ताकाइची बाई पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या त्या नवा जोडीदार शोधूनच. म्हणजे चेहरा बदलायची युक्ती २०२५ मध्येही चालली, पण तिला बाहेरून टेकू लागला.

जुलैतल्या त्या निवडणुकीच्या आधीची एक सकाळ. इथं उमेदवार पहाटेच स्टेशनबाहेर उभे राहतात आणि कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला वाकून "इत्तेराश्शाई" म्हणतात. घरातून निघणाऱ्याला म्हणायचा शब्द. आपलं 'जाऊन या'. नोदा तर १९८६ पासून पंतप्रधानपदाच्या जवळ पोचेपर्यंत चिबातल्या स्टेशनांबाहेर सकाळी असे उभे राहत. त्या दिवशी आमच्या स्टेशनबाहेर एक बाई पत्रकं वाटत होत्या. माझ्या पुढच्याला दिलं, मागच्याला दिलं. माझ्यासाठीही हात निम्म्यापर्यंत आला, चेहरा पाहून तिथंच थांबला. मत नसलेल्या माणसावर पत्रक कशाला खर्च करायचं, हिशेब बरोबरच होता. मग त्याच थांबल्या हातानं त्या कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "इत्तेराश्शाई."

मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, इत्तेकिमास. येतो."