सदर ते कामठी

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळातल्या एका शनिवारी पहाटे साडेचार वाजता, नागपूरच्या सदर भागातील सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलच्या आवारातून आम्ही कामठीकडे पायी निघालो. पंढरीच्या वारीशी बरोबरी सांगण्याचा आगाऊपणा नको. पण आमच्या पॅरिशमधली, म्हणजे या चर्चच्या मंडळीतली, मोजकी मराठी घरे या चालण्याला वारीच म्हणतात. निघताना मी सवयीने माणसे मोजली. ती ३७ भरली. गेल्या वर्षी ५२ होती.

मोजणे ही माझी जुनी खोड. गेली बारा वर्षे मी रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो आणि दृढीकरणाचा, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा, संस्कार आटोपला की त्यांतली किती मुले मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, दिसेनाशी होतात, याची वहीत नोंद ठेवतो. ही वही उघडली की आपली इतकी वर्षे वाया गेली, असेच वाटते.

इंदोरा चौकापर्यंत क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या स्मरणार्थ थांबून करायच्या चौदा प्रार्थनांपैकी, सात स्थाने झाली. तिथे थांबलो असता फादरांनी आमच्या आश्रयदात्या संताची गोष्ट सांगितली. १५९४ मध्ये फ्रान्सिस सव्हॉयमधल्या, प्रॉटेस्टंट झालेल्या शाब्ले प्रांतात गेले, तेव्हा त्यांच्या प्रवचनांना माणसे येईनात, म्हणून ते आपले म्हणणे कागदावर उतरवून लोकांच्या दारांखालून सरकवू लागले. चार वर्षांत तिथले बहुतेक लोक कॅथलिक श्रद्धेकडे परतले. (त्यात सव्हॉयच्या ड्यूकच्या सत्तेचाही हात होता, हे फादरांनी सांगितले नाही.) मला मात्र त्या यशापेक्षा कोणी ऐकायला येत नसलेल्या पहिल्या हिवाळ्याचेच अधिक वाटले, कारण शेवट आपल्याला ठाऊक आहे, कागद सरकवणाऱ्याला तो ठाऊक नव्हता.

ऑटोमोटिव्ह चौकाशी मेट्रोचे खांब संपले आणि ऊन चढू लागले. माझ्या शेजारून काटोलकडचे एक वयस्कर संत्रा बागायतदार चालत होते. माझे रडगाणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"मास्तर, आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याआधीचा फुलोरा, धरायचा तर आम्ही डिसेंबरात पाणी तोडतो. पानं मलूल होतात. पाहणारा म्हणते, बाग गेली."

"मग काकाजी, तुमच्या जिवाची घालमेल होत नाही?"

"होते ना. पण घाबरून मध्येच पाणी सोडलं, तर झाड नुसतं पाल्यावर जाते, फूल धरत नाही."

ताण फार लांबला तर झाड वाळतेही, हेही त्यांनी लपवले नाही. म्हणून प्रत्येक कोरडेपणाला देवाची योजना म्हणायला मी धजत नाही. वर्ग कंटाळवाणा असेल तर तो माझाच दोष. पण मार्कलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला पेरणारा रात्री झोपतो, दिवसा उठतो आणि बी कसे वाढते हे त्याला कळत नाही, हे वचन मी वर्गात इतक्यांदा शिकवले असूनही, त्यातले झोपणे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. मी तर रोज माती उकरून पाहत होतो.

कामठीला पोहोचेपर्यंत पायाला दोन फोड आले होते. मिस्सेनंतर कोणीतरी विचारले, "मास्तर, किती जण पोहोचलो?" मी इंदोऱ्यानंतर मोजलेच नव्हते. काकाजींना दुपारची काटोलची बस गाठायची होती. बागेत वाटाण्याएवढी फळे धरली होती आणि गळ सुरू झाली होती.