शिडी उभी कुठे करायची?

एखाद्या सोसायटीत अग्निशमन दलाचं प्रात्यक्षिक दाखवायला गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, तुमची शिडी कितव्या मजल्यापर्यंत पोचते?" ५५ मीटरची शिडी सतरा-अठरा मजल्यांपर्यंत जाते असं सांगितलं की लोक खूश होतात, पोरं टाळ्या वाजवतात. ती शिडी उभी कुठे राहणार, हे मात्र कुणी विचारत नाही. मुंबईच्या उपनगरातल्या आगीच्या एका वर्दीनंतर मी स्वतःच तो प्रश्न प्रत्येक सोसायटीला विचारायला लागलो.

मे महिन्यातली दुपार होती. चौदा मजली इमारत, अकराव्या मजल्यावर आग, बाराव्यावर माणसं अडकलेली, अशी वर्दी कंट्रोल रूमकडून आली. केंद्रापासून जागा लांब नव्हती. मी फायर इंजिन घेऊन निघालो, मागून जंबो टँकर आणि शिडीची गाडी. लांबूनच धूर दिसत होता. काळा, दाट, खिडकीतून बाहेर पडून वरच्या मजल्याला चाटत जाणारा.

फाटकावर कमान होती. सोसायटीचं नाव, वर गणपती, खाली देणगीदाराचं नाव, सगळं सिमेंटमध्ये पक्कं केलेलं. उंची साडेतीन मीटरच्या आसपास असेल. शिडीची गाडी जवळपास चार मीटर उंच. तिचा ड्रायव्हर खाली उतरला, वर बघितलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. शिडी रस्त्यावरच राहिली. रस्ता आणि इमारत यांच्यामध्ये बाग, क्लब हाउस आणि विजेच्या तारा. तिथून अकराव्या मजल्यापर्यंत शिडी तिरकी टाकता येत नाही. जितकी आडवी न्याल तितकी तिची उंची आणि ताकद कमी होते.

इंजिन कमानीखालून गेलं, पण पुढे अडकलं. मंजूर नकाशात इमारतीभोवती ६ मीटर मोकळी जागा होती आणि ती प्रत्यक्षातही होती, कुणी भिंत घातली नव्हती. फक्त दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या होत्या. एका गाडीचे पावणेदोन मीटर, समोरच्या गाडीचे पावणेदोन. मध्ये उरले अडीच मीटर. आमचं इंजिनच तेवढं रुंद. सरळ रस्ता असता तर आरसे मिटून काढलं असतं, पण कोपऱ्यावर वळण होतं. इतक्या मोठ्या गाडीला वळायला ९ मीटरची त्रिज्या लागते. तिथे एक पांढरी एसयूव्ही होती आणि तिचा मालक लग्नाला नाशिकला गेलेला.

हे ६ मीटर कुठून आले, तेही सांगतो, कारण पुढे सोसायटीच्या बैठकीत हाच वाद झाला. शिडीची गाडी नुसती उभी करून चालत नाही. तिचे चारही जॅक बाजूला पसरून जमिनीवर टेकवावे लागतात, नाहीतर वर शिडी ताणली की गाडीच कलंडेल. ते जॅक पसरले की गाडी पाच-सहा मीटर जागा खाते. खालची जमीनही भक्कम लागते. राष्ट्रीय इमारत संहितेत ४५ टनांपर्यंतच्या गाडीचा भार पेलेल असा पृष्ठभाग मागितला आहे, तो याचसाठी. मुंबईतल्या अनेक सोसायट्यांत पाण्याची भूमिगत टाकी आवारातच असते आणि वरून एकसारखे पेव्हर ब्लॉक घातलेले असतात. खाली स्लॅब कुठे आहे आणि तो किती भार घेतो, हे आगीच्या वेळी कुणाला माहीत नसतं. मुंबईच्याच एका पुनर्विकास प्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली इमारतीभोवतीच्या या ६ मीटरचा आग्रह धरला, तोही बंब फिरता यावा म्हणूनच.

आम्ही इंजिन वळणाअलीकडेच सोडलं आणि होज हातांनी ओढले. सोसायटीचा फायर पंप चालू करा म्हणून सांगितलं, तर पंपाच्या पॅनलची चावी सापडेना. सापडली तेव्हा कळलं की पंप ऑटोवरून काढून ठेवलेला आहे. नळातला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप रात्री-अपरात्री सुरू होतो, तळमजल्याच्या लोकांची झोपमोड होते, म्हणून. मॅन्युअलवर टाकला तरी तो फिरेना.

अशा वेळेसाठीच जमिनीलगत फायर ब्रिगेडचा इनलेट दिलेला असतो. सोसायटीचा पंप मेला तरी आम्ही आमच्या इंजिनाचं पाणी त्या पितळी तोंडातून राइझरमध्ये, म्हणजे सगळ्या मजल्यांना पाणी नेणाऱ्या उभ्या नळात, ढकलू शकतो. इमारतीतला हा नळ जिवंत असेल तर दहा माणसांची मेहनत वाचते. इनलेट कुठे आहे हे सेक्रेटरींना माहीत नव्हतं. ते दाखवलं वॉचमन मामांनी. त्यांच्याच केबिनच्या मागे, कुंड्यांच्या रांगेआड. चार तोंडांपैकी दोनांची कपलिंग कुणीतरी पितळेसाठी काढून नेलेली. उरलेल्या दोनांना आम्ही होज जोडले आणि पाणी सोडलं.

पाणी वर चढायच्या ऐवजी चौथ्या मजल्यावरून जिन्यात कोसळायला लागलं. तिथला लँडिंग व्हॉल्व्ह, म्हणजे होज जोडायचा मजल्यावरचा व्हॉल्व्ह, उघडाच होता, त्याचं चाकही नव्हतं. एका जवानाने पाण्याच्या त्या लोटात गुडघे टेकून पाइप पान्याने दांडी फिरवली आणि तो बंद केला. पाण्याचा मार त्याच्या छातीवर येत होता. हात निसटला की पुन्हा पकड घ्यायची, पाव वळसा फिरवायचा, पुन्हा निसटायचा. व्हॉल्व्ह बंद झाला तेव्हा त्याचे दोन्ही तळवे सोललेले होते.

तोवर आमची पहिली जोडी बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि मुखवटा, लावून जिन्याने वर निघाली होती. फायर लिफ्टचा स्विच काचेमागे होता, पण लिफ्ट त्याला जुमानेना. पाठीवर पंधराएक किलोचा सेट, खांद्यावर होज, हातात ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाला लावायचं तोंड, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर चपलांचे स्टँड, सायकली, एका मजल्यावर तर जुनं लोखंडी कपाट. सातव्यापासून धूर लागला. अकराव्यावरच्या घरात एसीने पेट घेतला होता. घरातले तिघंही सुखरूप बाहेर पळाले, पण जाताना फ्लॅटचं दार सताड उघडं राहिलं. घाबरलेल्या माणसाकडून तसं होतं, त्यांना मी दोष देत नाही. पण त्या एका दाराने जिन्याचं धुराडं केलं. जवानांनी वर पोचल्यावर आधी ते दार ओढून घेतलं, मग एक मजला खाली येऊन दहाव्यावरच्या व्हॉल्व्हला होज जोडला. आगीच्या मजल्यावर होज जोडत नाहीत. मागे फिरायची वेळ आली तर पाणी आपल्या पाठीशी हवं.

आणि बाराव्या मजल्यावर होत्या एक अंथरुणाला खिळलेल्या आजी आणि त्यांना सांभाळणाऱ्या मावशी. घरचे कामावर गेलेले. मावशींनी १०१ ला स्वतः फोन केला होता आणि त्यांचं बोलणं कंट्रोल रूम आम्हाला वायरलेसवर सांगत होतं. ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "आम्ही दोघी आहोत. आजींना चालता येत नाही. मी दार लावलंय, फटीत ओल्या चादरी कोंबल्यात. रस्त्याकडच्या खिडकीत आहोत, ग्रिलला लाल टॉवेल बांधलाय." खालून तो टॉवेल स्पष्ट दिसत होता. एकीकडे पंपाची चावी सापडत नव्हती आणि बाराव्या मजल्यावर ही बाई एकटीने जे करायला हवं ते सगळं, योग्य क्रमाने करून मोकळी झाली होती.

त्या खिडकीला बाहेर आलेलं पेटीसारखं ग्रिल होतं, त्यात उघडणारी झडप नव्हती. म्हणजे शिडी आत आली असती तरी वर ग्रिल कापत बसावं लागलं असतं. आता त्यांना काढायचं तर जिन्यानेच. जिन्यातला धूर बाहेर जायला गच्चीचं दार उघडणं भाग होतं. पोरं वर जाऊन पार्ट्या करतात म्हणून गच्चीला कुलूप आणि किल्ली कमिटीतल्या एका सभासदाच्या घरी, जे घर बंद. दुसऱ्या जोडीने बोल्ट कटरने कुलूप तोडलं. त्याच सुमारास राइझरला दाब आला, दहाव्यावरून पाणी मिळालं आणि पहिल्या जोडीने दार उघडून आग मारली. आग एका खोलीची होती. पाणी मिळाल्यावर ती झटक्यात आवरली. जो वेळ गेला तो सगळा फाटकापासून दहाव्या मजल्यापर्यंत पोचण्यात गेला.

आजींना जवानांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं आणि बारा मजले उतरवून आणलं. मावशी मागून औषधांची पिशवी घेऊन चालत आल्या. आजींना १०८ मध्ये ऑक्सिजन लावून रुग्णालयात नेलं. चार दिवसांनी त्या घरी परतल्या. मावशींच्या हातात पाण्याची बाटली दिली तर त्या म्हणाल्या, "आधी त्या पोराच्या हाताचं बघा." चौथ्या मजल्यावरचा तो जवान त्यांना जिन्यात भेटला होता.

नंतर कागद पाहिले. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार इमारतीतली यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची आणि तिथे राहणाऱ्यांची जबाबदारी आहे. दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी द्यायचा असतो. त्या सोसायटीचा जानेवारीचा फॉर्म बी फाइलमध्ये व्यवस्थित लावलेला होता. पंप चालू, राइझर चालू, व्हॉल्व्ह ठीक, होज आणि ब्रँच जागेवर. खाली सही आणि शिक्का. तो कागद हातात घेऊन मला जो संताप आला तो मी अजून विसरलेलो नाही. कपाट जिन्यात ठेवणाऱ्या माणसाला धोका कळलेला नसतो. न तपासता सही करणाऱ्याला तो पुरता कळलेला असतो. एजन्सीबद्दलचा अहवाल मी वर पाठवला, सोसायटीला नोटीस दिली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये चार माणसं गेली, तिथलीही अग्निशमन यंत्रणा बंद होती. या कायद्यात वीज-पाणी तोडण्यापर्यंतचे अधिकार आहेत. ते वापरायची वेळ येऊ नये असं वाटतं, पण आली तर वापरायला हवेत या मताचा मी आहे.

सोसायटीच्या बैठकीत पंप, व्हॉल्व्ह, गच्चीची किल्ली यावर कुणी हरकत घेतली नाही. पैसे खर्च करायला लोक तयार होते. गाडी गाडीच्या विषयाशी येऊन अडली. फ्लॅटपेक्षा गाड्या जास्त. एक गृहस्थ उठून म्हणाले, "मग आम्ही गाड्या काय डोक्यावर ठेवायच्या?" प्रश्न खरा होता. त्यांना रस्त्यावर जागा नाही, आत बिल्डरने दिलेली नाही. मी एवढंच सांगितलं की चारही बाजू एका दिवसात मोकळ्या होणार नसतील तर निदान खिडक्या जास्त आहेत त्या पूर्वेच्या बाजूपासून सुरुवात करा आणि वळणाचा कोपरा आजच सोडा. वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीतून जुलै २०१९ मध्ये ८४ लोकांना सोडवलं, त्याचं उदाहरण दिलं. तिथे लोक वर अडकले होते, जिन्यात धूर होता आणि शिड्या इमारतीला भिडू शकल्या म्हणून ते खाली आले. सभागृहात मागे उभ्या असलेल्या मावशींनी विचारलं, "म्हणजे आमच्या खिडकीशी शिडी येऊ शकली असती?" मी हो म्हणालो. त्या गृहस्थांनी पुढे वाद वाढवला नाही.

पावसाळ्यानंतर एका रविवारी सकाळी आम्ही त्याच आवारात शिडीची गाडी नेली. कमान तोडायला देणगीदाराचे घरचे आधी तयार नव्हते, शेवटी त्यांनीच कामगार लावून ती उतरवली आणि नावाची पाटी भिंतीवर बसवली. पूर्वेच्या बाजूला पिवळे पट्टे मारलेले, टाकीच्या स्लॅबच्या कडा लाल रंगाने आखलेल्या, इनलेटसमोरच्या कुंड्या हलवलेल्या. कोपऱ्यावर गाडी एका झटक्यात वळली नाही, एकदा मागे घ्यावी लागली. पण वळली. चारही जॅक पसरले, शिडी बाराव्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेली. ग्रिलला आता झडप आहे. गच्चीवरच्या व्हॉल्व्हला होज लावून पाणी सोडलं, गेजवर साडेतीन किलो दाब मिळाला. वरच्या टोकाला एवढा हवाच.

समोरच्या सोसायटीचे लोक गॅलरीतून बघत होते. त्यांचे चेअरमन खाली आले आणि म्हणाले, आलाच आहात तर आमच्याकडेही करून बघा. त्यांच्याकडे कमान नव्हती, पण फाटकाचा एक पल्ला कायमचा वेल्डिंग करून बंद केलेला होता. शिडी आत गेली नाही. त्यांना तिथेच लेखी दिलं आणि पल्ला मोकळा करायला महिन्याची मुदत दिली. ती येत्या पंधरवड्यात संपते.