तुम्ही विचारलंत म्हणून: डेक्कन क्वीनला इंजिन कुठलं लावायचं?

माझं डेक्कन क्वीनचं मॉडेल बघायला येणारे दोन प्रश्न हमखास विचारतात. जो स्वतः मॉडेलं करतो तो विचारतो, "क्वीनला खरं इंजिन कुठलं लावायचं?" बाकीचे जरा हळहळून विचारतात, "एवढी जुनी गाडी, मग वाफेचं इंजिन का नाही लावलंत?"

वाफेचं आधी उरकतो. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेने ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू केली, ती विजेवरच. आदल्या वर्षी, १९२९ मध्ये, कल्याणपासून पुण्यापर्यंत तारा पोचल्या होत्या. खंडाळ्याच्या घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशनही त्याच वर्षी नव्या मार्गामुळे बाद झालं. तिथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून मग पुढे निघावं लागायचं. ही अडचण गेली, वर वीज आली आणि मगच मुंबई-पुणे अशी वेगवान गाडी काढण्यात अर्थ उरला. वाफेचं इंजिन मलाही प्रिय आहे, पण ते पुढे लावलं की क्वीन जन्माला का आली हेच पुसलं जातं.

आता पहिला प्रश्न. माझं उत्तर ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, कारण मी म्हणतो की इंजिनाचा विचारच आधी करू नका. आधी डबे ठरवा. इंजिन रोज बदलू शकतं. आज शेडमधून हे निघालं, उद्या त्याची देखभाल आली म्हणून दुसरं. क्वीनचा रेक, म्हणजे डब्यांचा ठरलेला संच, मात्र एकदा बदलला की वर्षानुवर्षं तोच राहायचा. त्यामुळे डबे ठरले की काळ ठरतो, आणि काळ ठरला की कुठली इंजिनं शक्य आहेत हे आपोआप समोर येतं. दुकानात एखादं इंजिन आवडलं, ते घेतलं आणि मग त्याच्यामागे डबे जुळवत बसलात तर गाडी देखणी होईल, पण ती कधी धावलेलीच नसेल.

पहिले दोन रेक सात-सात डब्यांचे होते. एक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. सांगाडे इंग्लंडहून आले आणि वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. वर्ग दोनच, पहिला आणि दुसरा. १ जानेवारी १९४९ पासून त्यातला पहिला वर्ग बंद झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणायला लागले. तिसरा वर्ग क्वीनला लागला तो थेट जून १९५५ मध्ये. १९६६ साली पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, म्हणजे आयसीएफचे, पोलादी डबे आले आणि गाडी सातावरून बारा डब्यांची झाली. पुढे ती सतरापर्यंत गेली, आणि जून २०२२ पासून जर्मन धर्तीचे एलएचबी डबे धावताहेत. यातला कुठला रेक तुमचा, हे एकदा स्वतःशी नक्की करा.

चंदेरी किंवा निळा रेक निवडलात तर पुढे इंजिन लागतं डब्ल्यूसीपी-१ या वर्गाचं, जीआयपीच्या भाषेत ईए/१. मॉडेल करणाऱ्याची खरी परीक्षा याच इंजिनात आहे. याची दोन्ही टोकं सारखी नाहीत. एका टोकाला दोन आसांची, म्हणजे चाकांच्या दोन जोड्यांची, न ओढणारी बोगी, मध्ये ओढणारे तीन आस आणि दुसऱ्या टोकाला एकच न ओढणारा आस. बाजूने बघितलं तर चाकांची मांडणी वाफेच्या इंजिनासारखी ४-६-२ दिसते. पण वरची पेटी सरळसोट चौकोनी आहे, म्हणून खालीही दोन सारख्या बोग्या असतील असं धरून लोक तयार चासी, म्हणजे चाकांसकट खालचा सांगाडा, वापरतात आणि इंजिनाचा सगळा डौल जातो. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात हे इंजिन उभं आहे. टेप घेऊन जा, मोठं चाक आणि लहान चाक यांतलं प्रमाण डोळ्यांत भरून घ्या. छायाचित्रावरून ते कळत नाही.

याच वर्गातलं दुसरं इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. क्रमांक ४००६, नाव 'सर रॉजर लमले'. अंगावर झोकदार नामफलक आहे, त्यामुळे १९३० ची क्वीन करणारे बरेच जण हाच फलक करून लावतात. पण लमले मुंबईचे गव्हर्नर झाले १९३७ मध्ये आणि १९४३ पर्यंत होते. १९३० साली गव्हर्नर होते फ्रेडरिक साइक्स. म्हणजे पहिल्या दिवसाची गाडी करत असाल तर तो फलक काढा, आणि फलकावर जीव जडलाच असेल तर गाडी चाळिशीच्या आसपासची धरा. हाताच्या नखाएवढा पितळी तुकडा, पण तो सात वर्षांचा फरक करतो. इंजिनावरच्या अक्षरांचंही तसंच. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला झाली. त्याआधीच्या इंजिनावर सीआर, म्हणजे सेंट्रल रेल्वे, ही अक्षरं येऊच शकत नाहीत.

मधली वर्षं मला फार आवडतात, आणि त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. १९५४-५५ मध्ये इंग्लिश इलेक्ट्रिकची डब्ल्यूसीएम-१ इंजिनं आली, सहाही आस ओढणारे. डबे बदलले १९६६ मध्ये. म्हणजे जवळपास दहा वर्षं नवं इंजिन आणि जुना रेक हे एकत्र शक्य होते. टेबलावर ही जोडी मांडली की बघणाऱ्याला वाटतं काहीतरी घोळ झालाय. घोळ काही नाही, रेल्वे अशीच चालते. सगळं एका दिवशी नवं होत नाही.

डब्ल्यूसीएम म्हटलं की सगळी एकाच माळेची समजू नका. डब्ल्यूसीएम-२ आणि ३ ही मुळात कलकत्त्याच्या बाजूला ३००० व्होल्ट डीसीसाठी आणलेली. तिकडे २५ हजार व्होल्ट एसी आलं तेव्हा ती १५०० व्होल्टसाठी बदलून आपल्याकडे पाठवली. त्यामुळे पन्नाशीतल्या क्वीनला ती लावता येणार नाहीत. डब्ल्यूसीएम-४ हिताचीची. आणि डब्ल्यूसीएम-५ आपली, चित्तरंजनच्या इंजिन कारखान्याची. १९६१ मध्ये तिथे बांधलेलं पहिलं विजेचं इंजिन याच वर्गातलं, क्रमांक २००८३, नाव 'लोकमान्य'. या वर्गाची २१ इंजिनं झाली.

माझी निवड म्हणाल तर १९६६ नंतरचा आयसीएफ रेक आणि पुढे डब्ल्यूसीएम-५. पहिल्या सात डब्यांची गाडी जास्त सुंदर होती, हे मी मानतो. पण आमच्या घरातली माणसं तिसऱ्या वर्गाने जाणारी. १९५५ च्या आधीच्या क्वीनमध्ये त्यांना जागाच नव्हती. आमच्या माणसांची क्वीन ही नंतरची. पासवाल्यांची, ठरलेल्या खिडकीची, डायनिंग कारमधून येणाऱ्या कटलेटची. त्या गाडीला चित्तरंजनमध्ये बांधलेलं इंजिन लागावं, आणि त्या वर्गातल्या पहिल्या इंजिनाचं नाव लोकमान्यांचं असावं, यात मला मनापासून आनंद वाटतो. मात्र मी २००८३ हा क्रमांक घातलेला नाही. क्वीन काही रोज 'लोकमान्य'च ओढत नव्हता. वर्गातलं साधं, बिननावाचं इंजिन जास्त खरं वाटतं.

इंजिन बरोबर निवडूनही गाडी खोटी दिसते ती पँटोग्राफमुळे, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या छपरावरच्या सांगाड्यामुळे. दीड हजार व्होल्टच्या डीसीवर तीन हजार अश्वशक्ती काढायची तर दीड हजार अँपिअरच्या घरात प्रवाह तारेतून घ्यावा लागतो. एका पँटोग्राफवर एवढा भार नको, म्हणून डीसी इंजिनं सहसा दोन्ही पँटोग्राफ वर करून धावायची. एसीवर तेवढ्याच ताकदीला शंभराच्या आत अँपिअर पुरतात, तिथे एकच वर असतो. तयार मॉडेलांचे फोटो बघून लोक सवयीने एकच उभारतात. तुमची गाडी डीसी काळातली असेल तर दोन्ही उभारा. एवढ्या एका गोष्टीने मॉडेल एकदम जागं होतं.

घाट करणार असाल तर बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, हवेत. कर्जत ते लोणावळा चढ १ ला ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून कर्जतला मागून इंजिनं लागतात. पण ती संध्याकाळी, मुंबईहून सुटलेल्या क्वीनला. सकाळी पुण्याहून निघालेली गाडी घाट उतरते, तिला मागून कोण कशाला ढकलेल? पार्श्वभूमीला कोवळं ऊन रंगवलेलं आणि मागे बँकर, असं मॉडेल करू नका. साठच्या दशकातल्या गाडीला मागे डब्ल्यूसीजी-१ लावा. मधे बिजागरी असलेलं, चाकांना दांडे असलेलं ते इंजिन रेल्वेवाले 'खेकडा' म्हणायचे. १९७० नंतरची गाडी असेल तर चित्तरंजनचं डब्ल्यूसीजी-२. मॉडेलमध्ये मागच्या इंजिनाने खरोखर ढकलायला लागलात तर वळणावर मधले हलके डबे रुळावरून उडतात. मी बँकरमधली मोटर काढून टाकलेली आहे. तो नुसता मागे चालतो आणि सगळा जोर पुढच्या इंजिनाचा, त्यात पोटात शिसं भरलेलं.

रुळांचं काय, हेही विचारलं जातं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. एचओ या मॉडेलांच्या मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात, ते सव्वाएकोणीस मिलिमीटर होतं आणि बाजारात मिळणारा रूळ साडेसोळाचा. पावणेतीन मिलिमीटर कमी, आणि समोरून बघितलं की इंजिन पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. स्वतः रूळ घालायची तयारी असेल तर घाला, त्यासारखं सुख नाही. नसेल तर साडेसोळावर चालवा, पण मग गाडी बाजूने दिसेल अशी मांडा. लांबीचंही आधी मोजा. आयसीएफचा एक डबा बफरसकट साडेपंचवीस सेंटिमीटर भरतो, बारा डबे म्हणजे तीन मीटर. खोली लहान असेल तर डबे कमी करा, पण डायनिंग कार ठेवा. तिच्यावाचून क्वीन कशी म्हणायची?

आणि आत्ताच सुरुवात करणाऱ्या तरुणांना एक सांगणं. डब्ल्यूसीएम गेली, त्यानंतर बराच काळ एसी आणि डीसी दोन्ही विजांवर चालणाऱ्या डब्ल्यूसीएएम-३ ने क्वीन ओढली. २०१५ मध्ये सीएसएमटीपर्यंत सगळीकडे एसी झालं, आणि आता पुढे एसीवरचं डब्ल्यूएपी-७ दिसतं. हीही क्वीनच आहे, आणि तिची अडचण अशी की ती रोज समोर असल्यामुळे कुणी नोंदी ठेवत नाही. सकाळी सव्वासातच्या आधी पुणे स्टेशनवर जा. इंजिनाचा क्रमांक, शेडचं नाव, डब्यांचा क्रम, डायनिंग कार कितवी आहे, हे सगळं तारीख घालून वहीत लिहा. अशी एक तारखेची नोंद हातात असली की कुठलं इंजिन लावायचं हे मला विचारायला यावं लागणार नाही.