वस्तरा क्र. ३ : पातं झालं, शिंग अडलं

मी दुरुस्तीला घेतलेला हा तिसरा वस्तरा खानापूरच्या एका न्हावीमामांच्या जुन्या धोकटीतला. आता दुकानात अर्ध्या ब्लेडवर काम चालतं, त्यामुळे धोकटी माळ्यावरच होती. आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. गंज पात्यापेक्षा, पातं मुठीला जोडणाऱ्या खिळ्याच्या आजूबाजूला जास्त होता.

मुठीजवळच्या शिक्क्यात 'शेफील्ड' आणि खाली 'इंग्लंड' एवढंच वाचता येतं. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून बहुधा त्यानंतरचा. शिक्क्यावर पॉलिश पेपर फिरवला नाही, फिरवणारही नाही. थोडे काळे डाग राहिले तर राहू देत, अक्षरं गेली की गेलीच.

पात्याचं थोडक्यात: ४०० ते २००० पेपर, सगळं हाताने. क्र. १ ला मशीन लावलं होतं, तेव्हा धारेकडे निळी झाक आली. निळं म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं, पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. तो आता टपालाची पाकिटं फोडतो.

खरी गंमत शिंगात, म्हणजे मुठीच्या दोन शिंगी पट्ट्यांत. पातं मिटताना डाव्या पट्टीला घासत होतं. मी दोन दिवस खिळ्यालाच दोष देत बसलो. शेवटी खिळ्याचं डोकं कानशीने घासून पट्ट्या सुट्या केल्या, काचेवर ठेवल्या, तर डावी पट्टी मधे उचललेली. खालून पोस्टकार्ड सहज जात होतं. शिंग आणि नख एकाच जातीचं, उष्णतेने मऊ पडतं. पातेल्यात गरम पाणी केलं, खळखळून उकळू दिलं नाही (फार शिजवलं तर पापुद्रे सुटतात). आई डोकावली, "काय शिजवूलास रे ते? वास बघ!" पाचेक मिनिटांनी काढून दोन सागवानी फळ्यांत शिकंजात आवळली आणि रात्रभर हात लावला नाही. सकाळी पोस्टकार्ड जाईना.

कसरीने खाल्लेली तीन भोकं होती. शिंगाचाच भुसा भरून वर फेविक्विकचा थेंब सोडला, घासल्यावर शोधावी लागतात. टोकाची शिशाची पाचर मूळचीच ठेवली.

खिळ्याला १.६ मिलिमीटरची पितळी तार, सोनाराच्या हातोडीने अगदी हलके ठोके, दर चार ठोक्यांनी उघडमीट. जोरात मारलं की शिंगाला भोकापासून चीर जाते, हे क्र. २ ने शिकवलंय.

धार १०००, ४०००, ८००० नंबरच्या दगडांवर, मग चामडं. मनगटावरचे केस उडाले तसा खूश होऊन मामांकडे गेलो. त्यांनी धारेकडे बघितलंसुद्धा नाही. वस्तरा कानाजवळ धरला, सावकाश मिटला.

"लागूलंय की अजून."

खिळा परत काढलाय.