माजघराच्या भिंतीला शेवटी चुनाच

गुहागर तालुक्यातलं आमचं घर आजोबांनी बांधलेलं. जांभ्याच्या जाड भिंती, आतून चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. धाकट्या भावाच्या लग्नात आम्ही हौसेने माजघराला पुट्टी भरून घेतली आणि महागातला प्लॅस्टिक पेंट मारला. पहिल्याच पावसात जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत भिंतीला फुगे आले. दुसऱ्या पावसात पोपडे पडायला लागले. आई रोज केर काढताना ते सुपलीत भरायची, तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

यंदा मार्चमध्ये सुट्टी काढून गेले ते रंगाचं काम नीट करायचं ठरवूनच. दुकानातून शेड कार्ड आणलं होतं. रंगारीकाकांनी ते बाजूला ठेवलं आणि भिंतीजवळ उकिडवे बसले. एका फुग्यात नख घालून त्यांनी हळूच ओढलं, तर हातभर लांब रंगाची साल सुटून आली, दुधावरची साय निघावी तशी. तिच्यामागे पांढरी भुकटी जमलेली. "ताई, रंगाला दोष देऊ नका. लोणा लागलाय, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतला क्षार बाहेर येतोय. भिंतीला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही."

त्यांनी हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर आतल्या अंगाला, भिंतीकडच्या बाजूला, थेंबच थेंब. बाहेरच्या बाजूला असते तर हवेतला दमटपणा म्हणता आलं असतं. पाणी भिंतीतूनच येत होतं, आणि तेही मार्च महिन्यात.

मग घराच्या मागे गेलो. न्हाणीचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर जातं ती फुटलेली, आणि पाणी जोत्याला लागूनच मुरत होतं. तिथेच आईचं अळू. शिवाय दरवर्षी थोडी थोडी माती टाकून जोतं निम्मं बुजलेलं. आई आधी तयार नव्हती. "अगं, इतक्या वर्षांचं अळू आहे ते." शेवटी अळूचे कांदे उपटून विहिरीच्या पाटाकडे लावले, माती ओढून काढली आणि पन्हळ बदलली. या कामाला तीन दिवस गेले, आणि माझ्या मते खरं रंगकाम तेच होतं.

जुना रंग आणि पुट्टी खरवडून भिंत महिनाभर उघडी ठेवली. प्लॅस्टिक पेंटवर चुना धरत नाही, त्यामुळे खरवडण्याला पर्यायच नव्हता. मे महिन्यात चुनकळी, म्हणजे न विरवलेल्या चुन्याचे खडे, आणली. पिंपात आधी पाणी घेऊन त्यात एकेक खडा सोडायचा, उलटं करायचं नाही, असं काकांनी बजावलं. पाणी खदखदायला लागलं, वाफा आल्या. मुलांना आत पाठवलं, आम्ही डोळ्यांना चष्मे लावले. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, हे हलक्यात घेऊ नका. पुढे आठवडाभर पाण्याखाली मुरू दिला, फडक्यातून गाळला, थोडा डिंक घातला आणि चिमूटभर नीळ. पिवळसर छटा हवी असेल तर पिवडी चालते, तांबूस हवी असेल तर गेरू. मातीचे रंग चुन्यात टिकतात, डबीतले सगळे टिकत नाहीत.

भिंत आधी ओली करून पहिला हात अगदी पातळ मारला. मारताना काहीच दिसत नाही, पाणी फासल्यासारखंच. मी घाबरून विचारलं, "काका, पातळ झाला का?" ते म्हणाले, "संध्याकाळी बघा." आणि खरंच, वाळत गेला तशी भिंत कोपऱ्याकोपऱ्यातून उजळत आली. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होत जातो, म्हणून घाई चालत नाही. रोज एक, असे तीन हात मारले.

मागे नव्याने बांधलेली खोली सिमेंटची, कोरडी. तिथे चुन्याचा आग्रह धरला नाही. प्रायमर आणि वर मॅट इमल्शनचे दोन हात. चकाकीच्या रंगात गिलाव्याचे चढउतार उठून दिसतात, मॅटमध्ये झाकले जातात. बारा बाय दहाची खोली, उंची नऊ फूट, म्हणजे 396 चौरस फूट. दार-खिडक्या वजा करून 350. दोन हातांना लिटरमागे सव्वाशे चौरस फूट धरून तीन लिटर आणला, तो पुरला. रंग ठरवायला छोट्या डब्या आणून समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवले आणि दिवसभर पाहिले. कार्डावर फिका वाटलेला हिरवा संध्याकाळी दिव्याखाली चांगलाच गडद झाला, म्हणून एक पायरी फिका घेतला.

दारांचं मात्र सगळ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटचे थर आमच्या दारांवर कितीतरी होते. अशा रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. म्हणून कोरडं घासू दिलं नाही. पाणी पेपरने, म्हणजे पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने, ओलं घासून घेतलं, तोंडाला मास्क, खाली प्लॅस्टिक, आणि निघालेला सगळा गाळ पिशवीत बांधला. भाचरं चार दिवस शेजारी काकूंकडे होती.

आषाढात फोन केला तेव्हा आई म्हणाली, खालची वीतभर भिंत थोडी काळवंडली आहे, पण फुगा एकही नाही. श्रावणात ऊन पडलं तशी ती आपसूक पांढरी झाली. एका कोपऱ्यात थोडा चुना झडला होता. उरलेला चुना तिने मडक्यात पाण्याखाली झाकून ठेवलाय, त्यातलाच वाटीभर घेऊन गणपतीच्या आधी तिने स्वतःच तो कोपरा सारवून टाकला.