9 फुटी खिडकी, 54 इंची पन्हा : रोमन ब्लाइंड कुठवर आले

हॉलची पश्चिमेची स्लायडिंग खिडकी 9 फूट रुंद, 4 फूट उंच. पुण्यातलं उन्हाळ्यातलं पाचनंतरचं ऊन इतकं तिरपं येतं की सज्जा असून नसल्यासारखा. पडदे जाऊन कापडी ब्लाइंड येणार हे पक्कं होतं, प्रश्न रुंदीचा.

नळीवर गुंडाळला जाणारा रोलर आधीच बाद. एवढ्या लांबीला बारीक नळी मध्ये झोल खाते आणि कापडावर तिरक्या सुरकुत्या पडतात. जाड नळी घेऊन बनवून आणायचा तर शिवायची मजा गेली. म्हणून रोमन, म्हणजे दोरी ओढली की आडव्या सळयांवर घड्या पडत वर जाणारे, आणि तेही दोन. स्लायडिंगच्या काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे अ‍ॅल्युमिनियमची उभी पट्टी असतेच. दोघांमधली फट तिच्यासमोर ठेवली की उन्हाची रेघ आत येत नाही. ओढायलाही हलके.

खरी गंमत कापडात. तयार ब्लाइंड प्रत्येकी 53.5 इंच. दोन्ही कडांना दीड-दीड इंच दुमड धरली की 56.5. फर्निशिंगच्या कापडाचा पन्हा 54, म्हणजे जोड आला. मागून ऊन पडलं की जोड गडद रेघेसारखा उठून दिसतो. घालायचाच असेल तर मध्ये सलग कापड आणि दोन्ही कडांना सारख्या अरुंद पट्ट्या, हे त्यातल्या त्यात बरं. मी सरळ कापड आडवं फिरवलं. तयार उंची 47, वर वेल्क्रोला 1, खालच्या घडीला 3, एकूण 51. हे पन्ह्यात बसतं, आणि रुंदी ठाणातून हवी तेवढी घ्या! मात्र कापड साधं हवं. वेलबुट्टी असेल तर ती आडवी झोपते. आणि सुती असेल तर कापण्याआधी धुणं आलंच. माझा पन्हा धुतल्यावर 52 भरला, काठ काढून नेमका 51. लांबीलाही आटणार हे धरून सव्वातीन मीटर घेतलं होतं, ते पुरलं.

कापताना नुसत्या गुण्यावर (काटकोनी पट्टीवर) विसंबू नका, दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच कापड गुण्यात आहे, नाहीतर ब्लाइंड वर जाताना एका बाजूला कलतो.

सळयांसाठी उंचीचे 9 भाग केले. खालून पहिली सळई 1 भागावर, पुढच्या तीन दोन-दोन भागांवर. म्हणजे 5.2 इंच, मग दर 10.4. सळया फायबरच्या, 4 मिमी. त्यांच्या खोळी फक्त अस्तरावर शिवल्या, त्यामुळे दर्शनी बाजूला टीप नाही. दोरी ओवायच्या कड्या जिथे येतात तिथे हाताने बारीक टाके. कड्यांच्या ओळी चार : कडेपासून 2 इंच, मग साडेसोळाच्या अंतराने. अस्तर पांढरं, दर्शनी कापडापेक्षा थोडं अरुंद. पश्चिमेच्या उन्हात रंग उडतो, तो मार अस्तराने खावा.

बसवताना रुंदी वर, मध्ये, खाली मोजली. तीन सूत (इंचाचे आठ भाग केले तर त्यातले तीन) फरक निघाला. सर्वांत कमी माप धरलं. वेल्क्रो जिला चिकटतो ती आडवी सागाची पट्टी लिंटेलच्या (खिडकीवरच्या काँक्रीटच्या तुळईच्या) खालच्या अंगाला, म्हणजे ड्रिल डोक्यावर धरून. मिठाईच्या डब्याचं झाकण भोक पाडून बिटमध्ये अडकवलं की निम्मी धूळ त्यातच राहते. एका जागी लिंटेलची सळई लागली. जोर न लावता इंचभर सरकून नवं भोक घेतलं. गिट्टी (भोकात ठोकायचा प्लग), स्क्रू, मग पाणसळ.

डावा लागला. दोरी गुंडाळायचा हुक मुद्दाम 5 फुटांवर ठेवला, घरात लहान मुलं येतात-जातात. वर घेतला की घड्यांचा थर काचेचा वरचा भाग झाकतो. चौकटीच्या आत बसवण्याची ही किंमत आहे, मला चालते. बाहेरून, खिडकीच्या वर लावला असता तर उंची वाढून 54 चा पन्हा पुरला नसता.

उजव्याचं अस्तर शिवून झालंय, कड्या बाकी आहेत. त्याच्या सळया डाव्याच्या सळयांशी एका रेषेत याव्यात म्हणून मापं वरच्या सागाच्या पट्टीपासून खाली घेणार आहे, कापडाच्या खालच्या कडेपासून नाही.