पसरणी घाटातलं धुकं आणि रिकामं बसलेलं कार्ड

माझी ताई वाईला राहते. तिच्याकडचा कॉम्प्युटर २०१३ सालचा, मीच पुण्याहून एकेक पार्ट आणून जोडून दिलेला. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम आणि रेडिऑन एचडी ७७५० ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र काढणारं. हेच कार्ड का घेतलं तेही चांगलं आठवतंय. ५५ वॅटचं, वेगळी पॉवरची वायर लागत नाही, म्हणजे साध्या एसएमपीएसवर, वीज पुरवणाऱ्या डब्यावर, भागतं. भाऊजींनी त्यावर दुकानाचे हिशेब केले, ताईने सिनेमे बघितले. भाची तेव्हा चार वर्षांची होती.

आता ती अकरावीत आहे आणि गेम बनवते. पसरणी घाटातून पाचगणीला चढणारी लाल एसटी, पावसाळी संध्याकाळ, समोर धुकं, आणि ड्रायव्हर म्हणजे आपण. गोडो नावाच्या, गेम बनवायच्या इंजिनावर करतेय. अर्जेंटिनात जन्मलेलं, २०१४ पासून सगळ्यांसाठी खुलं, पूर्ण मोफत. तिने अर्धा गेम मैत्रिणीच्या लॅपटॉपवर केला होता.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ त्या मशीनला अधिकृतपणे चालत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी पेनड्राइव्हवर डेबियन १३, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं एक लिनक्स, घेऊनच वाईला गेले. एक्सएफसीई डेस्कटॉप टाकला. मशीन इतकं हलकं चालायला लागलं की भाऊजी दोनदा येऊन बघून गेले. व्हिडिओ नीट, आवाज नीट, स्क्रीन पूर्ण रिझोल्यूशनला. मी निर्धास्त होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने हाक मारली, "मावशी, हे बघ ना, एसटी हलतच नाही."

गेम उघडला होता. घाट दिसत होता, धुकंही होतं. पण बटण दाबल्यावर एसटी पुढे सरकायला तीन-चार सेकंद लागत होते, आणि तेही एक झटका, मग थांबा, मग पुन्हा एक झटका. प्रोसेसरचा पंखा मिक्सरसारखा आवाज करत होता. ताईने आतून विचारलं, काय चाललंय म्हणून.

भाचीने आधीच चौकशी करून ठेवली होती. बाजारातल्या दुकानात सांगितलं होतं की कार्ड जुनं झालंय, नवीन घ्या, नव्याला एसएमपीएसही बदलावा लागेल, सगळं मिळून १४ हजारांच्या घरात जाईल. तिने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. आईबाबांना सांगितलं नव्हतं.

ते पान बघून मला फार वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, आधी बघू तरी हे कार्ड काम करतंय का.

गोडोच्या खालच्या पट्टीत सुरुवातीलाच एक ओळ येते, कुठलं उपकरण वापरतोय ते सांगणारी. तिथे रेडिऑनचं नावच नव्हतं. होतं एलएलव्हीएमपाइप. हे कार्डाचं नाव नाही. ग्राफिक्स कार्ड हाताशी नसलं की प्रोसेसर स्वतःच सगळं चित्र काढतो, त्या सॉफ्टवेअरचं हे नाव. म्हणजे धुक्याचा कण न् कण तो बिचारा आय-थ्री मोजत होता आणि कार्ड शेजारी रिकामं बसलं होतं.

मग टर्मिनल उघडून एलएसपीसीआय ही आज्ञा चालवली, कुठल्या उपकरणाला कुठला ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, लागलाय ते दाखवणाऱ्या पर्यायासकट. कार्डाच्या नावात 'केप व्हर्ड प्रो' असं दिसलं. त्याखाली दोन ओळी. पहिली: वापरात असलेला ड्रायव्हर, रेडिऑन. दुसरी: उपलब्ध मॉड्यूल, रेडिऑन आणि एएमडीजीपीयू. एकाच कार्डासाठी दोन ड्रायव्हर मशीनमध्ये आधीपासूनच होते.

केप व्हर्ड हे नाव भाचीला आवडलं. आफ्रिकेच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये ती बेटं आहेत, तिने मोबाइलवर नकाशात शोधली. त्या पिढीतल्या सगळ्या चिपांना बेटांची नावं आहेत: ताहिती, पिटकेर्न, केप व्हर्ड. पिढीचं नावच सदर्न आयलंड्स. पुढची पिढी सी आयलंड्स, त्यात बोनेअर, हवाई. ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता ज्यामुळे मी स्वतःही फसले असते ते सांगते. लिनक्समध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे एक वस्तू नसते. खालचा भाग कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात असतो, वरचा भाग मेसा नावाच्या प्रकल्पातून येतो. मेसा १९९३ पासून चालू आहे. वरच्या भागातही वेगवेगळी माणसं कामाला आहेत म्हणा: ओपनजीएल बोलणारा एक, व्हल्कन बोलणारा दुसरा. या दोन भाषांमधून प्रोग्राम कार्डाला चित्र काढायला सांगतात. ओपनजीएलवाल्याला खाली जुना रेडिऑन असो की नवा एएमडीजीपीयू, दोन्ही चालतात. व्हल्कनवाला आरएडीव्ही मात्र फक्त एएमडीजीपीयूवरच उभा राहतो. म्हणून डेस्कटॉप, व्हिडिओ, सगळं सुरळीत होतं आणि मला शंकासुद्धा आली नाही. भाचीचा गेम व्हल्कन मागत होता, तेवढाच दरवाजा बंद होता.

या आरएडीव्हीबद्दल मला मनापासून कौतुक आहे. २०१६ मध्ये व्हल्कन आलं तेव्हा कार्डाच्या एएमडी कंपनीचा खुला ड्रायव्हर अजून आलेला नव्हता. डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन यांनी वाट न बघता स्वतःच लिहायला घेतला, आणि त्याच वर्षी तो मेसात दाखल झाला. कंपनीचा २०१७ च्या डिसेंबरात आला. २०२५ मध्ये कंपनीने आपला बंद करून आरएडीव्हीलाच पाठिंबा दिला. आणि त्याच ड्रायव्हरवर २०१२ च्या कार्डालाही व्हल्कन मिळतं, जे कार्ड निघालं तेव्हा व्हल्कन हा शब्दही नव्हता.

एएमडीजीपीयू कर्नलमध्ये आला २०१५ साली, ४.२ या आवृत्तीत. सदर्न आयलंड्सची सोय त्यात पुढच्या वर्षी झाली, पण प्रायोगिक म्हणून. त्यामुळे डेबियन १३ च्या ६.१२ कर्नलमध्येही ही कार्डं न विचारता जुन्या रेडिऑनकडेच जातात. कर्नलला सुरू होतानाच सांगावं लागतं: रेडिऑन, तू हे कार्ड सोड, एएमडीजीपीयू, तू घे. त्या सूचनेत सदर्न आयलंड्ससाठी 'एसआय' लिहितात, सी आयलंड्ससाठी 'सीआयके'.

हे सांगणं पहिल्यांदा कायमचं करू नये, असं माझं ठाम मत आहे. मशीन सुरू होताना ग्रबचा मेनू येतो, तिथे 'ई' दाबलं की त्या एका वेळेपुरती ओळ बदलता येते. बिघडलं तर रीस्टार्ट केलं की जुनं सगळं जसंच्या तसं परत. पोरीला मी कीबोर्डवर बसवलं आणि मोबाइलवरून मोठ्याने वाचत गेले. "लिनक्सने सुरू होणारी ओळ शोध. तिच्या शेवटी जा. जागा सोड. रेडिऑन, डॉट, एसआय, अंडरस्कोर, सपोर्ट, बरोबर, शून्य. जागा सोड. एएमडी... जीपीयू, डॉट, एसआय, अंडरस्कोर, सपोर्ट, बरोबर, एक." मग कंट्रोल एक्स.

स्क्रीन आली, पण सगळं मोठं, ताणलेलं. खिडकी ओढली की मागून रेंगाळत येत होती. भाचीचा चेहरा उतरला. "बिघडलं का गं मावशी?"

बिघडलं काहीच नव्हतं. एलएसपीसीआयमध्ये 'वापरात असलेला ड्रायव्हर' ही ओळच गायब होती. म्हणजे रेडिऑनने कार्ड सोडलं होतं आणि एएमडीजीपीयूने घेतलं नव्हतं. कर्नलला सुरू होताना काय सांगितलं गेलं ते वाचता येतं, ते वाचलं. 'एएमडी' आणि 'जीपीयू' यांच्यात एक रिकामी जागा. वाचताना मी तिथे श्वास घेतला होता आणि तिने तिथे स्पेसबार दाबला होता. चूक माझ्या वाचण्यातली होती, आणि मी तिला तसं सांगितलं. ती इतकी घाबरली होती की ते सांगणं गरजेचं होतं.

रीस्टार्ट. पुन्हा 'ई'. यावेळी मी एका दमात म्हटलं, एएमडीजीपीयू.

स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि मग लॉगिन, स्वच्छ, पूर्ण रिझोल्यूशनला. वापरात असलेला ड्रायव्हर: एएमडीजीपीयू. गोडो उघडलं, खालच्या ओळीत रेडिऑन आणि पुढे आरएडीव्ही. तिने बटण दाबलं.

एसटी निघाली. खिडकी थोडी लहान ठेवावी लागली, आणि दाट धुक्यात सेकंदाला वीस-बावीस फ्रेमच्या वर काही जात नव्हतं. पण ती चालत होती. दत्तमंदिराच्या वळणावर हेडलाइटचे दोन पिवळे झोत धुक्यात शिरत होते आणि एसटी वळली की झोतही कड्यावरून सरकत होते. पंख्याचा आवाज बंद. ताई हात पुसत बाहेर आली, खुर्चीमागे उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला घाट!"

दुपारभर आम्ही तसंच वापरून बघितलं. व्हिडिओ, आवाज, मशीन झोपवून उठवणं. सगळं नीट चाललं तेव्हाच ते दोन शब्द ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'क्वाएट'च्या पुढे लिहिले आणि अपडेट-ग्रब चालवलं. तेही तिनेच केलं.

आता लिनक्स ६.१९ पासून या पिढीच्या कार्डांना कर्नल आपणहूनच एएमडीजीपीयू देतो. व्हॉल्व्ह या गेमच्या कंपनीसाठी काम करणाऱ्या तिमूर क्रिश्टोफ यांनी त्यासाठी जुन्या कार्डांमधल्या राहिलेल्या उणिवा एकेक करून भरून काढल्या. तेरा-चौदा वर्षांच्या कार्डावर कुणी इतकी मेहनत घेतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. डेबियन १३ मूळच्या कर्नलवर असेल तर मात्र ते दोन शब्द अजून लिहावेच लागतात.

गेल्या रविवारी ताईकडे फोन केला तर भाची दुसऱ्या फोनवर होती. मैत्रिणीच्या भावाकडे आर-सेव्हन २६०एक्स आहे, त्याच्याही मशीनवर तीच अडचण. मला पलीकडून तिचं बोलणं ऐकू येत होतं.

"ते बोनेअर आहे, सी आयलंड्सवालं. म्हणून एसआय नको, सीआयके लिही. आणि एएमडीजीपीयू सगळं जोडून, मध्ये जागा सोडू नकोस."